चहा काळा झाला की

दोन रुपयांच्या पुडीसोबत जो गुलाबी कागद बाभुळगाव तालुक्यातल्या घराघरांत गेला, त्याच्या खालच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं आहे : "चहा काळा झाला की समजा, लोह चहात उतरलं. आता ते तुमच्या रक्तात उतरेल."

हे वाक्य मी लिहिलं. चार मिनिटांत लिहिलं आणि त्या संध्याकाळी मला ते आवडलंही.

मी बत्तीस वर्षं बाभुळगावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी दुपारी तिथेच जाऊन बसतो. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं रांगेत लावली. स्वतः लिहिलेलं पान कधी कुणाला दाखवलं नाही, कारण ते वाईट असणार याची मला खात्री होती. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडाला कोरड पडते. वाचनालयाच्या वार्षिक सभेत आभार मानायचे असत, तेवढेही मी दरवर्षी कागदावर लिहून दुसऱ्याला वाचायला देत असे.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता अभिषेक नावाचा तरुण वाचनालयात आला. पुण्याच्या एका कंपनीचा. पाठीला बॅग, हातात गुलाबी पुड्यांची माळ, टपरीवर तंबाखूच्या खर्ऱ्याच्या शेजारी लटकतात तशी. पुडीचं नाव 'तेजकण'. आत लोह, फॉलिक ॲसिड, बी-बारा. गरीब बायकांच्या रक्तात जे कमी असतं ते त्यांना परवडेल अशा दोन रुपयांत विकायचं, असा त्यांचा कार्यक्रम होता. गरिबाला फुकट दिलेलं तो फेकून देतो आणि विकत घेतलेलं खातो, हे त्यानं मला पहिल्या दहा मिनिटांत समजावलं. सरकारी उपकेंद्रात लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात आणि फडताळात पडून राहतात, हे त्यानं आकडे देऊन सांगितलं. ते खरंही होतं.

त्याच्याजवळ पुण्यात लिहिलेला कागद होता. 'सूक्ष्म पोषकद्रव्यांची कमतरता ही एक गंभीर समस्या असून' अशी सुरुवात. मला हसू आलं. हे इथे कुणी दुसऱ्या ओळीपर्यंत वाचणार नाही, असं मी पुटपुटलो. त्यानं लगेच खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, मग तुम्हीच लिहा ना, काका. कुणीतरी मला लिहायला सांगितलं, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

चार दिवसांनी तो मला त्याच्या गाडीवर बसवून चिंचोलीला घेऊन गेला. तिथे तेजकण विकायचं काम कुंदा करत होती. कुंदा माझ्या वाचनालयातली जुनी वाचक. लग्नाआधी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं न्यायची आणि वेळेवर परत आणायची. परीक्षा राहून गेली. आता चिंचोलीतल्या बचत गटाची ती सचिव आहे, आणि गावातल्या बायका तिचं ऐकतात. तिच्या स्वयंपाकघरात आठ-दहा बायका जमल्या होत्या. तिची धाकटी जाऊ गौरी दाराशी बसली होती. गौरीला पाचवा महिना होता. उपकेंद्रात तिचं रक्त तपासलं तेव्हा आठ पॉइंट नऊ भरलं होतं, म्हणजे कमीच. पुडी गौरीसाठीच आहे, असं कुंदा सगळ्यांना सांगत होती.

मला वाटलं होतं, पुडी वरणात टाकायची असेल. अभिषेकनं मान हलवली. वरण सगळ्या घराचं असतं; बाई शेवटी जेवते, तोवर भांड्यात तळ उरलेला असतो, आणि लोह नवऱ्याच्या पोटात गेलेलं असतं. त्यांनी चारशे घरांत जाऊन पाहिलं होतं. बाईची अशी एकटीची एकच वस्तू असते : सकाळचा चहाचा कप. कापूस वेचायला जाणारी बाई सातला घर सोडते ती तेवढाच पिऊन. दूध नसतं. कोरा चहा. म्हणून पुडी चहात.

त्याचं हे निरीक्षण चूक नव्हतं. मी इतकी वर्षं या भागात राहिलो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, म्हणून मला त्या मुलाचा आदरच वाटला.

त्यानं उकळत्या कोऱ्या चहात पुडी सोडली. चहा तांबूस होता. चमचा फिरवला तसा तो करडा झाला, मग निळसर, मग काळाकुट्ट.

"आगं बाप्पा, हे तं डांबर झालं," एक जण म्हणाली.

"डांबर तं डांबर," कुंदा म्हणाली. "आपल्या गावाले सडक नाई, पोटात तं होईन."

सगळ्या हसल्या. गौरीनं कप घेतला, नाक मुरडलं आणि पिऊन टाकला.

मी हसलो नाही. मला शाई आठवली. आमच्या वाचनालयात काही जुन्या पोथ्या आहेत, आणि त्यांची शाई कशी करत हे मी एकदा हौसेनं करून पाहिलं होतं. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. तो बाभळीच्या सालीच्या काढ्यात टाकला की काढा काळा होतो. सालीतला तुरटपणा लोहाला धरतो आणि मग सोडत नाही. म्हणून शंभर-दोनशे वर्षांनी अक्षर जागच्या जागी असतं, पाण्यानंही जात नाही. चहातही तोच तुरटपणा असतो. माझ्या डोळ्यांसमोर गौरी जे प्यायली ती शाई होती, आणि तिच्यातलं लोह तिच्या रक्तात जाण्याऐवजी बरंचसं तसंच बाहेर पडणार होतं.

मी तोंड उघडलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अभिषेकही बघायला लागला. मी म्हणालो, पुडीचा गुलाबी रंग छान आहे.

घरी येऊन मी आहारशास्त्राचं पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत, मध्ये तासाभराचं तरी अंतर ठेवावं. मी पानात खूण घातली. दुसऱ्या दिवशी अभिषेकला फोन केला. सगळी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यानं फोन उचलला, आणि मी त्याला विचारलं की दुसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम हवा की अर्धविराम. त्यांच्याकडे डॉक्टर असतील, प्रयोगशाळा असेल. पोथीची शाई करून पाहिलेला एक म्हातारा त्यांना काय सांगणार, असं मी स्वतःला पटवलं. मला असं पटवून घ्यायची सवय आहे.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, बायका विचारतात की चहा काळा का होतो, घाबरतात थोड्या. त्या काळेपणाचं काहीतरी चांगलं करून द्या ना.

मी करून दिलं. चार मिनिटांत.

दिवाळीनंतर वेचणी जोरात सुरू झाली आणि तेजकण प्रत्येक टपरीवर लटकू लागलं. वाक्य इतकं चाललं की बायका त्यावरून पुडी पारखू लागल्या. चहा नीट काळा झाला नाही तर पुडी जुनी आहे म्हणून दुकानदाराच्या अंगावर जायच्या. काही जणी रंग चढावा म्हणून चहापत्ती जास्त टाकायच्या. हे मला कुंदानं कौतुकानं सांगितलं. गौरीनं उपकेंद्रातल्या लाल गोळ्या सोडल्या होत्या. त्यांनी पोट बिघडायचं, आणि गोळी अन् पुडी दोन्ही घेतली तर गरम पडेल, असं कुंदानंच तिला समजावलं होतं. गौरी रोज सकाळी काळा चहा पिऊन कपाशीच्या पऱ्हाटीत जात होती, पोट पुढे आलं तरी.

मी कुंदाला तेव्हाही काही बोललो नाही. पुस्तकातली खूण मात्र अधूनमधून बघत होतो. ती जागच्या जागी होती.

जानेवारीत एका दुपारी दिपाली सिस्टर वाचनालयात आली. ती चिंचोलीच्या उपकेंद्राची नर्स, राहायला बाभुळगावात. तिच्या मुलीला पुस्तक हवं असतं म्हणून ती महिन्यातून एकदा येते. त्या दिवशी तिनं पुस्तक मागितलं नाही. गुलाबी कागद माझ्या टेबलावर टाकला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली. गौरीचं रक्त सहा पॉइंट तीन झालं होतं. आठवा महिना. तिला चालताना धाप लागत होती, पायांवर सूज होती, आणि दिपाली तिला आताच यवतमाळच्या दवाखान्याच्या गाडीत बसवून आली होती. गौरी गाडीत बसताना तिला सांगत होती की सिस्टर, मी एक दिवस चुकवला नाही.

"पंधरा वर्षं मी घसा कोरडा करून राह्यली, की बायांनो, गोळी अन् चहा सोबत नको," दिपाली म्हणाली. "यानं दोन ओळीत पुसून टाकलं. कोणी लिहिलं असन हे, काका? सापडला तर त्याले मी रोज कोरा चहा पाजते. दोन-दोन पुड्या टाकून."

मी कागदाची घडी घातली.

"कंपनीनं लिहिलं असेल," मी म्हणालो.

ती गेली. मला राग येतो तेव्हा तो फार खोल कुठेतरी सुरू होतो, आणि वर येईपर्यंत त्याचं काहीतरी सभ्य होऊन जातं. त्या दिवशी तो तसाच वर आला. मी दुसऱ्या दिवशीची बस धरली आणि यवतमाळला कंपनीच्या तिथल्या ऑफिसात अभिषेककडे गेलो.

त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी शाईपासून सुरुवात केली आणि गौरीवर संपवलं. तो म्हणाला, "काका, हे आम्हाला माहीत होतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यानं शांतपणे पुन्हा समजावलं. चहात लोहाचं शोषण कमी होतं, पण शून्य होत नाही. वरणात टाका म्हणून त्यांनी आर्णी तालुक्यात आधी सहा महिने विकून पाहिलं. दुसऱ्या महिन्यात विक्री बसली. चहावर आले आणि दहापट वाढली. जी पुडी विकलीच जात नाही तिच्यातलं लोह कुणाच्याच पोटात जात नाही. थोडं मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा बरं. हे सगळं तो इतक्या चांगल्या पद्धतीनं बोलत होता की क्षणभर मला माझीच शंका आली.

मग मला आठवलं की गौरीला थोडं मिळत नव्हतं. तिला पुडीआधी गोळी मिळत होती. पोट बिघडवत होती, पण मिळत होती. यांच्या पुडीनं ती सोडवली.

"मग हे कागदावर का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि पलीकडच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघत होती. "जेवणासोबत घ्या म्हणून का नाही? लाल गोळी सोडू नका म्हणून का नाही? तुमच्या घरची बाई पिते का असा चहा? मला पहिल्या दिवशी कळलं होतं, त्या स्वयंपाकघरात, तर तुमच्या डॉक्टरांना—"

मी थांबलो. अभिषेक माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं.

"तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "तरी ते वाक्य तुम्ही लिहून दिलंत. मग काका, आपण दोघं सारखेच की."

माझ्या मुलापेक्षा लहान मुलगा, पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवत, मला खरं सांगत होता. पुढच्या छपाईत वाक्य बदलून द्या, तुम्हीच द्या, तो म्हणाला. गेलेले कागद तर परत येत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. मी ग्लास तसाच ठेवून उठलो. जिना उतरताना मला त्याचा जितका राग आला होता तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल, आणि त्यातला अर्धा माझ्याच वाट्याचा होता, म्हणून तो कमी झाला नाही. उलट वाढला.

पाचव्या दिवशी कळलं की गौरीला रक्ताच्या दोन पिशव्या चढवून घरी सोडलं आहे. मी चिंचोलीला गेलो. कुंदा अंगणात तूर पाखडत होती. माझ्याकडे बघून हसली, बाज पुढे केली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं : शाई, पुस्तक, स्वल्पविराम, दिपालीला मारलेली थाप. एकही वाक्य मनात जुळवलं नव्हतं, तरी सगळी बाहेर आली.

तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"मी पूर्ण गावाले वाचून दाखवलं थे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या नावानं वाचून दाखवलं. आपल्या नीळकंठ काकाजीनं लिवलं म्हणून सांगे मी. उद्या हे समजलं तं बाया तुमाले नाई धरनार, मले धरतीन. दुकान माया दारात हाय. अन् थे आत निजून हाय, थे मायी जाऊ हाय. तिची लाल गोळी मी सोडवली, काकाजी. ह्या तोंडानं."

तिनं सूप जमिनीवर ठेवलं, तेही जपून, एक दाणा न सांडता. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आतून चहाचा वास आला.

आम्ही दोघंही आत गेलो. गौरी भिंतीशी खाटेवर टेकून बसली होती. ओठ पांढरे, डोळ्यांखाली खड्डे, हातावर सुईची काळी-निळी जागा. तिची आणि कुंदाची सासू विमलताई चुलीपाशी होती. पितळी गंजात कोरा चहा उकळत होता आणि विमलताईंनी त्यात एक पुडी सोडली होती, दुसरी दातानं फाडत होत्या. चहा काळा झाला होता.

"मामी, नका टाकू," कुंदा म्हणाली.

विमलताईंनी वर पाहिलं. पोरगी दवाखान्यातून आली, अंगात जीव नाही, एकीनं काय होणार, म्हणून आजपासून दोन, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात इतकी माया होती की मला ते ऐकवेना. मी पुढे होऊन म्हणालो की यानं रक्त वाढत नाही, यानंच घटलं. चहा बंद करा, आणि सिस्टरनं दिलेली लाल गोळी जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत द्या.

"छापून हाय ना, जी," विमलताई म्हणाल्या. चुलीमागे भिंतीवर तो कागद पिठाच्या खळीनं चिकटवला होता, धुरानं कडा पिवळ्या झालेला. "काया झाला की रक्तात उतरते म्हणून."

"तो मीच लिहिलाय. खोटं लिहिलंय मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चष्मा, माझा इस्त्रीचा सदरा, माझे पांढरे केस.

"तुमी कायले खोटं लिहानार? वाचनाऱ्या मानसानं लिवलं तं खरंच असन," त्या म्हणाल्या, आणि चहा कपात ओतून कप गौरीकडे नेऊ लागल्या.

त्यांना वाटेत अडवून मी कप हिसकावला. माझ्या हातावर चहा सांडला, भाजलं. मी तो मोरीत ओतला, मग चुलीवरचा गंज सदऱ्याच्या टोकानं धरून तोही ओतला. परक्याच्या स्वयंपाकघरात, सत्तरी ओलांडलेला माणूस, चपला घालून. विमलताईंनी मला म्हातारा येडा झाला म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. लेकीसुनांच्या घरात हात घालतो, लाज नाही का, असं विचारलं. कुंदानं त्यांना धरलं होतं; मला कुणी धरलं नव्हतं, तरी मी तिथून हललो नाही.

गौरीनं सासूला हातानं थांबवलं.

"मी तुमच्यासमोर पेलती," ती मला म्हणाली. तिला बोलताना मधे श्वास घ्यावा लागत होता. "पहिला कप. तुमी तिथंच तं होते. तवाच काहून नाई बोलले?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

तिथे भिण्यासारखं कोण होतं? एक पुण्याचा पोरगा आणि दहा बायका. तिनं मला माफ केलं नाही. का करावं? तिचं बाळ वजनानं कमी भरेल, असं तिला दवाखान्यात सांगितलं होतं. तिचा हात पोटावर होता.

"ताई," ती कुंदाला म्हणाली, "यायले घरोघर ने. तू नोको बोलू. यायच्याच तोंडानं सांगू दे."

कुंदानं दारातली पुड्यांची माळ ओढून काढली आणि पोत्यात कोंबली. मग भिंतीवरचा कागद नखानं खरवडून काढला. तो फाटत फाटत निघाला, आणि शेवटची ओळ भिंतीलाच चिकटून राहिली. तिनं त्यावर चुलीतली राख घासली. मग माझ्याकडे न बघता बाहेर पडली. मी तिच्या मागे.

शेजारच्या घराचं दार बंद होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. कुंदा दारापासून दोन पावलं मागे उभी राहिली आणि हातांची घडी घातली.

"कडी तुमीच वाजवा," ती म्हणाली. "अन् जोरानं बोला, काकाजी. ह्या म्हातारीले कमी आयकू येते."

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मी कडी वाजवली. कुणी आलं नाही, म्हणून पुन्हा वाजवली, जोरात, शेजारपाजारची माणसं बाहेर येऊन बघेपर्यंत.